ओस पडलेले बेट : आयर्लंडच्या स्थलांतराचा इतिहास

लोकसंख्या वाढली की दारिद्र्य येते, हे गणित शाळेपासून आपल्या डोक्यात भरवले जाते. जमीन कुणाच्या मालकीची, हा आकडा मात्र त्या गणितात कधीच धरलेला नसतो. तो वगळला की हिशेब किती खोटा ठरतो, हे पाहायचे असेल तर आयर्लंडचा इतिहास वाचावा.

१८४१ च्या जनगणनेत या बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसे होती. १८५१ मध्ये ती ६५ लाख ५२ हजार उरली. १९११ मध्ये आकडा ४४ लाखांच्याही खाली गेला. युरोपातील इतर देशांची लोकसंख्या त्याच काळात वाढत होती. २०२१-२२ च्या जनगणनांत प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळून सुमारे ७० लाखांची नोंद झाली. म्हणजे १८० वर्षांनीही जुना आकडा गाठलेला नाही. माणसे कमी झाली, म्हणून दारिद्र्य गेले काय? नाही. गरीबच तेवढे गेले.

१८४५ च्या सप्टेंबरात बटाट्यावर करपा पडला. तो युरोपात इतरत्रही पडला होता. मग सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली ती आयर्लंडमध्येच का? सतराव्या शतकात इंग्रजांनी जिंकलेली जमीन आपल्या लोकांना वाटली. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना जमीन विकत घेण्याची बंदी झाली. खंडाने घ्यायची तीही ३१ वर्षांहून अधिक काळ घेता येत नसे. हे कायदे पुढे शिथिल झाले, पण जमीन परत आली नाही. वर जमीनदार, मध्ये दलाल, खाली कूळ आणि तळाशी मजूर, अशी उतरंड पक्की झाली होती. तळच्या मजुराला रोख मजुरी क्वचितच मिळे. झोपडी आणि बटाट्यापुरता जमिनीचा तुकडा मिळे आणि त्याच्या बदल्यात मालकाच्या शेतात राबावे लागे. थोड्या जागेत कुटुंब जगवणारे दुसरे पीक नव्हते, म्हणून तो बटाटा खात होता. त्याची ती आवड नव्हती. त्याच्यावर लादलेली अवस्था होती.

दुष्काळाच्या वर्षांतही ओट, लोणी आणि जनावरे इंग्लंडच्या बाजारात जातच होती. १८४७ मध्ये बाहेरून मका मोठ्या प्रमाणात आला हे खरे. पण तो विकत घ्यायला हातात पैसा कुणाच्या होता? त्या वर्षाच्या मार्चमध्ये ७ लाखांवर माणसे सरकारी कामांवर दगड फोडत होती. मदतीची सूत्रे लंडनच्या खजिन्यातील चार्ल्स ट्रेव्हेलियन याच्या हाती होती. या संकटात त्याला ईश्वरी योजना दिसली. हाच अधिकारी १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला. १८४७ च्या कायद्याने पाव एकराहून अधिक जमीन असलेल्याला मदत नाकारली. म्हणजे पोटासाठी जमीन सोडा आणि जमीन सोडली की कायमचे उघड्यावर या. गरिबांच्या मदतीची पट्टी लहान कुळांमागे जमीनदारावर बसे. म्हणून त्याने कुळे काढली, झोपड्यांची छपरे उतरवली. पाच एकरांखालची लहान शेते निम्म्याहून अधिक नाहीशी झाली.

उरलेले जहाजांत बसले. कॅनडातील ग्रोस बेटावर १८४७ या एका वर्षात ५ हजारांवर स्थलांतरित पुरले गेले. दुष्काळ सरला तरी ओघ थांबला नाही. आता जमीन तुकडे न करता एका मुलाला मिळे; बाकीच्या भावंडांसाठी अमेरिकेचे तिकीट. तिकिटाचे पैसे आधी गेलेली बहीण घरकाम करून पाठवी. अविवाहित मुली जवळजवळ मुलांइतक्याच संख्येने गेल्या. १८९० च्या सुमारास आयर्लंडमध्ये जन्मलेल्या दर ५ माणसांपैकी २ देशाबाहेर राहत होती. १८७९ च्या लँड लीगच्या लढ्यानंतर कुळे हळूहळू मालक झाली, पण मजूर बव्हंशी भूमिहीनच राहिला. १९२२ मध्ये स्वातंत्र्य आले, तरी १९५० च्या दशकात प्रजासत्ताकातून ४ लाख माणसे गेली. १९६१ मध्ये तेथे फक्त २८ लाख लोक उरले. झेंडा बदलला म्हणून तळच्या माणसाला गावात जागा मिळते असे नाही.

या इतिहासाची दुसरी बाजू अधिक कडू आहे. १८४१ मध्ये आयर्लंडमधील सुमारे ६० हजार लोकांनी अमेरिकेतील आपल्या बांधवांना सह्यांचे आवाहन पाठवले : गुलामगिरीविरुद्ध उभे राहा. त्यात डॅनिएल ओकॉनेलची सही होती. अनेकांनी ते ऐकले नाही. १८६३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या दंगलीत काळ्या माणसांना ठार मारणाऱ्या आणि काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळणाऱ्या जमावांत आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते. पुढे कॅलिफोर्नियात चिनी मजुरांना हाकला अशी आरोळी देणारा डेनिस कर्नी हाही कॉर्कमधून आलेला आयरिश. भुकेने देशोधडीला लागलेल्यांनी आपल्याखालची पायरी शोधली आणि तीवर पाय ठेवला.

श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाला खाली कुणीतरी हवे असते, हे बाबासाहेबांनी आपल्याला जातीच्या संदर्भात दाखवून दिले आहे. आयर्लंडचा मजूर समुद्र ओलांडून गेला, तरी ती शिडी त्याच्यासोबत गेली. भोगलेले दुःख माणसाला आपोआप शहाणे करत नाही. त्याला विचाराची जोड द्यावी लागते. आपणही खेडे सोडून शहरात आलो आहोत. येताना कोणती शिडी सोबत आणली, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.