अदृश्य किरणांचा पहारेकरी

आपल्या पंचेंद्रियांवर मनुष्याचा भरवसा फार मोठा आहे. विस्तव हातास चटका देतो, नासलेले अन्न नाकास कळते, साप फूत्कार टाकतो आणि वादळापूर्वी आभाळ अंधारून येते. संकटाची काही ना काही वर्दी आधी मिळते आणि तिच्या बळावर मनुष्य आजवर आपला जीव सांभाळीत आला आहे. परंतु रुग्णालयात नित्य वापरली जाणारी एक शक्ती अशी आहे की, ती कोणतीच वर्दी देत नाही. क्ष-किरण, किंवा कोबाल्टसारख्या द्रव्यातून निघणारे किरण डोळ्यांस दिसत नाहीत. त्यांस वास नाही, चव नाही, आवाज नाही. ते देहातून आरपार जात असता अंगावरचा केसही हलत नाही. तथापि त्यांची मात्रा प्रमाणाबाहेर गेली, तर काही दिवसांनी कातडी भाजल्यासारखी होते, रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर आघात होतो, आणि कित्येक वर्षांनंतर कर्करोग उद्भवण्याचा संभव वाढतो. ज्या शत्रूची चाहूल लागत नाही, त्यावर पहारा करावयाचा कोणी? या कामासाठी जो मनुष्य नेमलेला असतो, त्यास विकिरण सुरक्षा अधिकारी असे म्हणतात.

हे पद कोणा कारकुनाच्या कल्पनेतून निघालेले नाही. ते अनुभवाने, आणि फार महागड्या अनुभवाने, निर्माण केले आहे. जर्मन शास्त्रज्ञ राँटजेन यांस १८९५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात क्ष-किरणांचा शोध लागला आणि डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. हाडे आणि बोटातील अंगठी एवढेच त्यात दिसत होते. या चमत्काराने साऱ्या जगास वेड लावले. पुढच्याच वर्षी बेकेरेल यांस युरेनियमचे किरण आढळले आणि १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध लावला. त्या उत्साहाच्या भरात या किरणांपासून जपले पाहिजे हे कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर व तंत्रज्ञ स्वतःचाच हात किरणांसमोर धरीत. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचे दोन्ही हात या किरणांच्या पायी कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांस मृत्यू आला. हे पाहून एडिसन यांनी तो नाद सोडून दिला. जर्मनीतील हँबुर्ग शहरी एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली एक स्मारक उभारण्यात आले. त्यावर या किरणांच्या कामी प्राण वेचलेल्या १६९ जणांची नावे प्रथम कोरली गेली व पुढे त्यांत भर पडत गेली. त्याच्या आधी, १९२८ मध्ये, स्टॉकहोम येथे या विषयाच्या जाणत्यांनी एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन केली होती. किरणांपासून संरक्षणाचे जे नियम आज जगभर पाळले जातात, त्यांचा उगम तेथे आहे.

हिंदुस्थानात या कामास कायद्याचा आधार आहे. अणुऊर्जा कायदा १९६२ साली झाला होता. त्याखाली किरणांपासून संरक्षणाचे जे नियम झाले, ते २००४ साली नव्याने करण्यात आले. त्यांची अंमलबजावणी पाहणारे परमाणु ऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले असून त्याची कचेरी मुंबईस अणुशक्तिनगरात आहे. ज्या संस्थेत असे किरण वापरले जातात, तिने मंडळाची परवानगी घेतली पाहिजे आणि मंडळाने मान्य केलेला सुरक्षा अधिकारी नेमला पाहिजे. अधिकाऱ्यास पगार देते रुग्णालय, परंतु त्याची निष्ठा असावी लागते नियमांशी. यंत्र बिघडले असता ते बंद ठेवा म्हणून सांगणे हे त्याचे कर्तव्य होय, मग बाहेर रोग्यांची रांग कितीही लांब असो. या कामास जितकी विद्या लागते, तितकाच मनाचा कणखरपणा लागतो तो यासाठी.

त्याच्या विद्येचे सार तीन शब्दांत सांगता येते: वेळ, अंतर आणि आडोसा. किरणांजवळ जितका कमी वेळ जाईल तितकी मात्रा कमी, हे उघडच आहे. अंतराचा गुण मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लहानशा किरणस्रोतापासून एक मीटरवर उभा असलेला मनुष्य दोन मीटरवर सरकला, तर मात्रा निम्मी होत नसून एकचतुर्थांश होते. तीन मीटरवर गेला, तर एकनवमांश. एक पाऊल मागे घेणे हे एखाद्या जाड चिलखताइतके उपयोगी पडते ते असे. तिसरा उपाय आडोशाचा. शिसे हे जड द्रव्य असल्यामुळे किरणांस चांगलेच अडविते. क्ष-किरणांच्या खोलीस साध्या विटांची नऊ इंची भिंत बहुधा पुरते आणि दारास शिशाचा पत्रा लावावा लागतो. कोबाल्टचे किरण त्याहून पुष्कळ प्रखर. त्यांसाठी काँक्रीटच्या भिंती हात-दोन हात जाड घालाव्या लागतात, आणि दार उघडताच किरण आपोआप बंद व्हावेत अशी योजना करावी लागते. ती योजना खरोखर चालते की नाही, हे अधिकारी वरचेवर स्वतः पाहतो. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबत नाही.

या खोल्यांत काम करणाऱ्यांच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. पुष्कळ लोकांस तो ओळखीचा बिल्ला वाटतो. वस्तुतः तो एक मुका साक्षीदार आहे. त्यात विशिष्ट रसायनाच्या चकत्या असतात. अंगावर पडलेल्या किरणांची शक्ती त्या साठवून ठेवतात, आणि पुढे प्रयोगशाळेत तापविल्या असता प्रकाशाच्या रूपाने परत करतात. त्या प्रकाशाचे माप घेतले की, तीन महिन्यांत त्या मनुष्यास किती मात्रा मिळाली हे कळते. शिशाचे वस्त्र अंगावर असेल, तर बिल्ला त्याच्या आत लावावयाचा, कारण माप देहाचे हवे आहे, वस्त्राचे नव्हे. एक बिल्ला कोणालाही न देता किरणांपासून दूर ठेवितात. निसर्गतः जे किरण सर्वत्र असतात त्यांचा हिशेब त्यावरून लागतो आणि तो इतरांच्या मापातून वजा केला जातो.

मात्रा मोजण्याचे परिमाण मिलिसिव्हर्ट हे आहे. किरणांचे काम करणाऱ्यास पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्टपेक्षा, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा अधिक मात्रा मिळू नये असा आपल्याकडे दंडक आहे. सामान्य जनतेसाठी ही मर्यादा वर्षास १ मिलिसिव्हर्ट आहे. परंतु मर्यादेच्या आत राहिलो म्हणजे काम संपले, असे चांगला अधिकारी मानीत नाही. वाजवी रीतीने जितकी कमी करता येईल तितकी मात्रा कमी करावी, हे त्याचे व्रत असते. एखाद्याच्या बिल्ल्यावर आकडा अचानक चढला, तर तो दोष देत बसत नाही, चौकशी करतो. बिल्ला रात्रभर यंत्राच्या खोलीत टांगून राहिला होता काय? कोणी दार लोटून न घेता काम केले काय? की यंत्रातच बिघाड आहे? पुष्कळदा उत्तर साधे निघते, पण ते विचारल्यावाचून कळत नाही.

रोग्याची गोष्ट निराळी. त्याच्यासाठी वरील मर्यादा लागू नाही, कारण किरणांचा लाभ त्याचा स्वतःचा आहे. ज्यास कर्करोग झाला आहे, त्यास भरपूर मात्रा द्यावीच लागते. तेथे प्रश्न एवढाच की, ती नेमक्या जागी आणि नेमकी तितकीच पडते काय. अनाठायी भीतीसही जागा नाही. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांपासून प्रत्येक मनुष्यास वर्षास सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा निसर्गतःच मिळत असते. छातीचे एक साधे क्ष-किरण छायाचित्र घेतल्याने मिळणारी मात्रा सामान्यतः त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी असते. डॉक्टरांस जे छायाचित्र आवश्यक वाटते, ते भीतीपोटी नाकारणे हे शहाणपणाचे नव्हे. त्याबरोबरच, आवश्यकता नसता केवळ हौसेने ते काढविणे हेही शहाणपणाचे नव्हे.

काही रोग्यांस किरणोत्सर्गी औषध पोटात द्यावे लागते. गळ्यातील अवटु ग्रंथीच्या कर्करोगावर आयोडीन-१३१ देतात. असा रोगी काही काळ स्वतःच किरणांचा उगम होऊन बसतो. त्यास वेगळ्या खोलीत ठेवितात, त्याच्या मलमूत्राचे पाणी निराळ्या टाक्यांत साठवितात, आणि घरी पाठविताना लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांपासून काही दिवस दूर राहण्यास सांगतात. आयोडीन-१३१ ची शक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होते; ऐंशी दिवसांनी ती मूळच्या सहस्रांशाहूनही कमी उरते. येथे काळ हाच मोठा शुद्धिकर्ता आहे. तो काळ पुरा होण्यापूर्वी कोणी उतावीळपणे टाकी रिकामी करू नये, हे पाहणे अधिकाऱ्याकडे असते.

कोबाल्ट किंवा सीझियम यांचा प्रकार मात्र असा नाही. कोबाल्ट-६० ची शक्ती निम्मी होण्यास सव्वापाच वर्षे लागतात आणि सीझियम-१३७ ची निम्मी होण्यास तीस. यंत्र जुने होते, ते वापरणारा डॉक्टर निवृत्त होतो, संस्था दुसरीकडे जाते, परंतु त्या पोलादी डबीतील द्रव्य आपले काम करीतच राहते. म्हणून अधिकाऱ्याच्या सर्व साधनांत सर्वांत मोलाचे साधन कोणते, असे विचारले, तर ते एखादे नाजूक यंत्र नसून त्याची नोंदवही हे होय. कोणता स्रोत केव्हा आला, कोठे ठेवला, कोणाच्या ताब्यात आहे आणि शेवटी तो योग्य ठिकाणी परत गेला की नाही, याचा अखंड हिशेब तीत असतो. हा हिशेब तुटला म्हणजे काय होते, हे दोन शहरांनी दाखविले आहे.

त्यांपैकी पहिले शहर ब्राझील देशातील गोयानिया. तेथील किरणोपचाराची एक संस्था १९८५ च्या अखेरीस दुसऱ्या जागेत गेली आणि सीझियमचे एक यंत्र जुन्या, ओसाड इमारतीत मागे राहिले. १९८७ च्या सप्टेंबरात दोघा माणसांनी किमती धातू मिळेल या आशेने त्याचा भाग उचलून नेला, फोडला आणि भंगारवाल्यास विकला. आतील भुकटी अंधारात निळसर चमकत असे. भंगारवाल्यास त्याचे कौतुक वाटले. नातलगांस आणि स्नेह्यांस चिमूट चिमूट वाटण्यात आली, कोणी ती अंगास लावली. एका सहा वर्षांच्या मुलीने ती हातांस लागली असता तसेच अन्न खाल्ले. घरोघर लोक आजारी पडू लागले, तेव्हा भंगारवाल्याच्या पत्नीस या वस्तूचा संशय आला. तिने ती पिशवीत घालविली, एका नोकरास बरोबर घेतले आणि बसमध्ये बसून ती आरोग्य खात्याच्या कचेरीत नेऊन ठेविली. दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबर रोजी, एका भौतिकशास्त्रज्ञास बोलाविण्यात आले. कचेरी अद्याप दूर असतानाच त्याच्या मापकाचा काटा शेवटास जाऊन भिडला. यंत्रच बिघडले असावे असे समजून तो परत गेला आणि दुसरे घेऊन आला. दुसऱ्याचा काटाही तसाच गेला, तेव्हा खरी गोष्ट त्यास कळली. अग्निशामक दलाचे लोक ती वस्तू उचलून नदीत फेकण्याच्या बेतात होते. त्याने त्यांस वेळेवर थांबविले. पुढे शहराच्या क्रीडांगणावर सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली. २४९ जणांच्या अंगावर किंवा पोटात ते द्रव्य आढळले. त्या लहान मुलीसह चौघे मरण पावले, आणि त्या चौघांत धोका ओळखणारी ती गृहिणीही होती.

दुसरे शहर आपली दिल्ली. तेथील विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्टचे एक जुने उपकरण होते. संशोधनासाठी आणलेले ते यंत्र १९८५ पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये अडगळीच्या इतर सामानाबरोबर ते लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तेथे ते फोडण्यात आले. एप्रिलमध्ये काही जणांस भाजल्यासारख्या जखमा व उलट्या होऊ लागल्या, तेव्हा कारण उघडकीस आले. त्यांतील एकाचा मृत्यू झाला. या प्रकारात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. ज्यांनी ते उपकरण आणले होते त्यांस त्याचा स्वभाव ठाऊक होता. पंचवीस वर्षांनंतर ज्यांनी ते विकले त्यांस तो ठाऊक नव्हता. मधल्या काळात जाणणाऱ्याकडून नेणणाऱ्याकडे वस्तू गेली, पण माहिती गेली नाही. एवढ्या लहानशा खंडाची किंमत एका मजुराने आपल्या प्राणाने दिली.

या दोन्ही कथांवरून सुरक्षा अधिकाऱ्याच्या कामाचे खरे स्वरूप कळते. शल्यवैद्याने वाचविलेला रोगी चालत घरी जातो आणि लोक त्याचे यश पाहतात. या अधिकाऱ्याने वाचविलेला मनुष्य मात्र कोणास कधीच दिसत नाही, कारण आपण वाचलो हे त्यास स्वतःसही ठाऊक नसते. वर्षाअखेर नोंदवहीत सर्व स्रोत जागच्या जागी आणि बिल्ल्यांवरील आकडे लहान असले, म्हणजे त्याचे वर्ष चांगले गेले. काहीही न घडणे हीच त्याची कमाई.

या पहाऱ्यास घरोघरच्या माणसांनीही थोडा हातभार लावावा. क्ष-किरणांच्या खोलीत रोग्याबरोबर गर्दी करून शिरू नये. दिवस गेले असण्याचा संभव असेल, तर स्त्रियांनी ते संकोच न करता आधी सांगावे. मुलास धरावे लागलेच, तर अंगावर शिशाचे वस्त्र मागून घ्यावे. आणि पिवळ्या पाटीवर मधल्या ठिपक्याभोवती तीन पाकळ्यांची खूण असलेली कोणतीही पेटी, मग ती कचऱ्यात पडलेली असो की भंगाराच्या ढिगात, हाताने उचलू नये. तिच्यापासून दूर व्हावे, इतरांस दूर करावे आणि पोलिसांस कळवावे. डोळ्यांस न दिसणाऱ्या संकटाची दिसणारी अशी ती एवढीच खूण आहे. ती घरातील मुलांसही आजच दाखवून ठेवावी.