डीएनए पुरावा : पहिले काही तास मोलाचे

खून, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांच्या बातम्यांत 'डीएनए अहवाल' हे शब्द हल्ली वरचेवर वाचनात येतात. प्रयोगशाळेत नमुना गेला की गुन्हेगार सापडलाच, असा अनेकांचा समज होतो. पण नमुना प्रयोगशाळेपर्यंत धडपणे पोहोचला तर! आणि ते पुष्कळदा घरच्या माणसांच्या हाती असते.

डीएनए हे आनुवंशिक द्रव्य पेशीच्या केंद्रकात असते. रक्तातील तांबड्या पेशींना केंद्रक नसते, म्हणून रक्ताच्या डागातून डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून. लाळ, वीर्य, मुळासकट उपटलेला केस, हाडे, दात यांतूनही तो मिळतो. सर्व माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच असतो. उरलेल्या अंशातील फरकावरून माणूस ओळखता येतो. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची गोष्ट मात्र वेगळी.

ही पद्धत इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये शोधली. तिथल्याच परिसरात १९८३ व १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. एका तरुणाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. डीएनए तपासणीत तो निर्दोष ठरला आणि खरा गुन्हेगार पुढे १९८७ मध्ये पकडला गेला. म्हणजे या चाचणीने सर्वप्रथम एका निरपराध्याला सोडविले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडील उदाहरण वसईच्या तरुणीचे. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिची हत्या झाल्याचे त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये उघडकीस आले. जंगलात मिळालेली हाडे तिचीच, हे वडिलांच्या नमुन्याशी डीएनए जुळवून ठरले. हाडे महिनोन्‌महिने टिकतात. शरीरावरचे आणि कपड्यांवरचे डाग मात्र एका आंघोळीत, एका धुण्यात जातात.

म्हणूनच लैंगिक अत्याचाराची घटना घडली, तर मुलीला आधी आंघोळ घालण्याची घाई करू नये. आईला तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, तरीही. कपडे धुऊ नयेत, फेकू नयेत. बदललेच असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. ओलसर कपड्यात जंतू वाढतात व डीएनए कुजतो. ते सावलीत वाळवून कोऱ्या कागदात गुंडाळावेत आणि सोबत न्यावेत. शरीरावरील नमुने साधारणपणे ९६ तासांपर्यंतच उपयोगी पडतात. जितका उशीर, तितकी आशा कमी. नागापूर किंवा एमआयडीसी परिसरातील माणसांना अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय जवळच आहे. "आधी पोलिसांचा कागद आणा" असे सांगून तेथे कोणी परत पाठवू शकत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार केलेच पाहिजेत, असा कायदा आहे. पोलिसांना कळविणे हे रुग्णालयाचे काम. तपासणीला संमती देणे न देणे हा पीडितेचा हक्क. लहान मुलीच्या बाबतीत पालकांचा.

पुढचा टप्पा आपल्या हाती नसतो, पण माहीत असावा. दिल्लीतील छावला प्रकरणात फेब्रुवारी २०१२ मध्ये १४ व १६ तारखेला घेतलेले नमुने २७ तारखेला प्रयोगशाळेत पोहोचले. मधले दिवस ते पोलिसांच्या मालखान्यात पडून होते. त्यांच्याशी छेडछाड झाली नसेल याची खात्री देता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये डीएनए अहवाल ग्राह्य धरला नाही. फाशी झालेले तिघेही सुटले. तेव्हा नमुने मोहरबंद झाले का, कधी रवाना झाले, हे नातेवाइकांनी तपास अधिकाऱ्यांना निःसंकोच विचारावे.

आणखी एक. उशीर झाला म्हणून रुग्णालयात जाणे टाळू नये. नको असलेली गर्भधारणा व एचआयव्ही यांपासून बचावाची औषधे ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात. तो वेळही टळला, तरी जखमांवर आणि मनावर उपचार होऊ शकतात.