गोधडीचे सामान : घरातल्याच पोत्यात, घरातल्याच डब्यात



उसाची नोंद, तोडीची पाळी, बेणे, खते, पाणी हे विषय या पानांवर नेहमीच येतात. या खेपेस आम्ही माळ्यावरच्या जुनेराच्या बोचक्याला हात घातला आहे. बायकांचा विषय म्हणून कारभाऱ्यांनी पान उलटू नये. बोचक्याला उंदीर लागला की नुकसान साऱ्या घराचे होते.

धर्मापुरीला केदारेश्वराच्या दर्शनाला गेलेल्यांनी तिथला किल्लाही पाहिला असेल. देऊळ चालुक्यांच्या काळचे. किल्ल्याच्या भिंतीत मात्र जुन्या देवळांचे कोरीव दगड जागोजाग बसवलेले दिसतात. पाहुण्यांना त्याचे नवल वाटते. फाटक्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या इथल्या आयाबायांना काही नवल वाटत नाही.

होळी झाली, रानातली कामे उरकली, की आमच्याकडे लिंबाच्या सावलीत गोधड्या शिवायला बायका बसतात. खाली एक धड लुगडे, वर एक धड लुगडे, मध्ये जुनी धोतरे, सदरे, परकर यांचे थर, आणि कडेकडेने आत येत जाणारा धावदोरा. कापूस नाही, पिंजारी नाही, नुसते जुनेर. दिवस मोठा असतो, चार जणी जमलेल्या असतात, आणि अर्धा दिवस जातो कशात? हुडकण्यात. "अगं, मोठ्या नेढ्याची सुई कुठं ठिवली?" "दोरा तर परवा इथंच व्हता!" हे घरोघर ऐकू येते. कापड आहे, हात आहेत, पण वस्तू जागेवर नाही म्हणून गोधडी पुढच्या उन्हाळ्यावर जाते.

आमच्या घरची गोष्ट लाज वाटते तरी सांगतो. आईची चार इरकली काठाची लुगडी होती. नातीच्या लग्नात गोधडी द्यायची म्हणून तिने जपलेली. ती आम्हीच खताच्या रिकाम्या गोणीत भरली आणि उंदीर शिरू नये म्हणून तोंड सुतळीने करकचून बांधले. गोणीला आतून प्लास्टिकचे अस्तर, आणि लुगडी पुरती वाळलेली नव्हती. दोन पावसाळ्यांनी तोंड सोडले तर आत काळी बुरशी. घडी उलगडली की कापड हातात येई. आई काही बोलली नाही. कात्री मागितली आणि धड राहिलेले काठ तेवढे कापून घेतले.

त्यानंतर आम्ही जे शिकलो ते असे.

आधी निवड. सगळे बोचके कडक उन्हात अंगणात उपडे करावे. सुती एकीकडे, टेरिलीन-पॉलिस्टर दुसरीकडे. ओळखू येत नसेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून त्याला काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो, राख भुरभुरीत होते. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला कडक मणी होतो. (हे काम बोचक्यापासून लांब, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून करावे.) हा भेद नुसता हौसेचा नाही. दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातली किती घरे तोडीला जातात ते सभासदांना सांगायला नको. कोपीत चुलीजवळ निजणाऱ्या लेकरावर ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटते. म्हणून पांघरायची गोधडी आतबाहेर सुतीच असावी. पॉलिस्टरच्या साड्या आता घरोघर ढिगाने निघतात. त्यांची पिशव्या-पायपुसणी करावीत.

सुती मालाचे मग तीन गठ्ठे बांधावेत : धड लुगडी, हात-दीड हाताचे तुकडे, आणि चिंध्या. गाठीतून आतल्या कापडाचे एक टोक बाहेर राहू द्यावे. चिठ्ठी लावायला नको, आणि अक्षर न येणाऱ्या आजीलाही लांबून कळते.

पोते तागाचेच घ्यावे. 1987 च्या कायद्यामुळे साखरेचा काही हिस्सा अजून तागाच्या पोत्यात भरला जातो. असे पोते हाती लागले तर उलटे करून झटकावे, धुवावे, दोन दिवस वाळवावे. तसेच वापरले तर राहिलेल्या साखरेवर मुंग्यांची रांग लागलीच म्हणून समजा. तागातून हवा खेळते, कापड कोंदत नाही. आत लिंबाचा वाळलेला पाला घालावा, मिळाला तर वेखंडाचा तुकडा. डांबरगोळी बाळाच्या दुपट्याच्या कापडात मुळीच नको, तान्ह्या मुलांना ती बाधते. फवारणीच्या औषधाची पिशवी किंवा डबा कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये. पोते जमिनीवर न ठेवता आढ्याला टांगावे, भिंतीपासून वीतभर दूर.

सुईचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. गोधडीत राहिलेली सुई रात्री कोणाच्या तरी अंगात जाते. जुन्या घोंगडीचा तळहाताएवढा तुकडा घ्यावा आणि सुया त्यात टोचून ठेवाव्यात. लोकरीत सुई लवकर गंजत नाही. सकाळी पाच काढल्या तर संध्याकाळी पाच मोजाव्यात, चार भरल्या तर कोणी उठायचे नाही. बिघडलेल्या रेडिओच्या भोंग्यातले लोहचुंबक जपून ठेवले असेल तर ते गोधडीवरून फिरवावे, सुई ओढली जाते. हे काम पोरांना द्या, ती आवडीने करतात.

दोऱ्यासाठी पैसे मोडण्याआधी गोणीच्या तोंडाकडे पाहावे. यंत्राने घातलेला टाका साखळीचा असतो. बरोबर टोक सापडले तर एका ओढीत सरसर उसवतो, नाही सापडले तर गुंता होतो आणि माणूस शेवटी कात्री घेतो. घाई न करता दुसरे टोक पाहावे. निघालेला दोरा मक्याच्या वाळलेल्या बुरकुंडावर गुंडाळावा. बंगालात कांथा शिवणाऱ्या बाया जुन्या साडीच्या काठातले रंगीत धागे उसवून त्यांनीच नक्षी भरत आल्या आहेत. आपल्याकडच्या काठांतही तो रंग आहेच.

सुया, कात्री, दोरे, अंगुस्तान हे सगळे तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात राहते. डब्याचे वरचे तोंड कापल्यावर धार ठोकून आत वळवून घ्यावी. हे मात्र कारभाऱ्यांचे काम. डबा एकाच कोनाड्यात, रोज तिथेच. आमच्या घरी पहिल्या आठवड्यात तीन वेळा तो दुसरीकडे सापडला, आणि तिन्ही वेळा नेणारे आम्हीच होतो.

आईने कापून ठेवलेले ते इरकली काठ त्याच डब्यात चार वर्षे होते. नातीचे लग्न झाले, तिला मुलगी झाली. गोधडीपुरते कापड नव्हतेच, म्हणून जुन्या धोतराचे दुपटे केले आणि चारी बाजूंनी ते काठ लावले. आईने कोनाड्याकडे हात केला, डबा काढला आणि त्याच दुपारी टाके घालायला बसली.