पंचकार्याचे निरीक्षण

खेळाच्या सामन्यातील पंचाच्या कामगिरीचे तज्ञ व त्रयस्थ व्यक्तीने पद्धतशीर अवलोकन करून तिचे गुणदोष पंचास समजावून देणे, यास पंचकार्याचे निरीक्षण म्हणतात. पंचाची कार्यक्षमता वाढविणे आणि वरच्या दर्जाच्या सामन्यांसाठी योग्य पंच निवडणे, हे त्याचे दोन हेतू होत.

निरीक्षक पंचाचे निर्णय टिपतोच. परंतु निर्णयामागील कारणांकडे त्याचे विशेष लक्ष असते. फुटबॉलमध्ये पंच मैदानावर साधारणतः कर्णरेषेच्या अनुरोधाने धावतो व खेळ आपल्या आणि रेषेवरील साहाय्यक पंचाच्या दरम्यान ठेवतो; ही दिशा सुटल्यास खेळाडूंच्या गर्दीमुळे नियमभंग दृष्टीआड होतो. क्रिकेटमध्ये धावचीतच्या वेळी पंचाने चेंडूची दिशा पाहून बाजूस सरकावे व क्रीजची रेषा सरळ नजरेत येईल असे उभे राहावे लागते. कबड्डीत चढाईच्या वेळी पंचाचे लक्ष चढाई करणाऱ्याबरोबरच बचाव करणाऱ्यांच्या पायांकडे व अंतिम रेषेकडेही असावे लागते. यांखेरीज नियमांचे ज्ञान, खुणांची स्पष्टता, सहकाऱ्यांशी समन्वय, शारीरिक क्षमता व खेळाडूंवरील नियंत्रण यांचाही विचार होतो.

निरीक्षण कोणी करावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील कौंटी क्रिकेटमध्ये संघांचे कर्णधार पंचांना गुण देत. कर्णधारांचा अनुभव मोलाचा असला, तरी सामन्याच्या निकालात त्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात. पंचांच्या निःपक्षपातीपणाविषयीही असाच वाद होता. पाकिस्तान-वेस्ट इंडीज यांच्यातील १९८६ च्या लाहोर कसोटीत व्ही. के. रामस्वामी व पिलू रिपोर्टर या भारतीय पंचांनी काम पाहिले. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक त्रयस्थ पंच नेमला जाऊ लागला, तर २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने श्रेष्ठ पंचांचे स्वतंत्र मंडळ स्थापन केले.

चित्रफितीमुळे निरीक्षणास पुरावा मिळाला, मात्र एक धोकाही निर्माण झाला. मंद गतीच्या चित्रणात दिसणारी गोष्ट पंचास त्याच्या जागेवरून, क्षणार्धात दिसणे शक्य होते काय, याचा विचार न केल्यास मूल्यमापन अन्यायकारक ठरते. चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या पंचाचा निर्णय योगायोगाने बरोबर ठरू शकतो, तर योग्य जागी उभ्या असलेल्या पंचाचाही निर्णय क्वचित चुकतो. यांपैकी पहिल्या पंचास सुधारणेची गरज अधिक असते.

निरीक्षणानंतरची चर्चा सामना संपल्यावर, खाजगीत व खेळाडूंपासून दूर करणे इष्ट असते. प्रथम पंचास स्वतःचे मत मांडू द्यावे. ‘लक्ष नव्हते’ यासारखा मोघम शेरा निरुपयोगी होय. कोणत्या प्रसंगी, कोठे उभे राहिल्याने काय दिसले नाही, हे सांगितल्यास पंच पुढील सामन्यात बदल करू शकतो. सूचना दोन-तीनच असाव्यात व चांगल्या कामाचीही तितकीच नेमकी नोंद व्हावी. मार्गदर्शन व गुणांकन ही कामे शक्यतो वेगवेगळ्या व्यक्तींकडे असावीत. कारण पुढील नेमणूक ज्याच्या हाती आहे, त्याच्यापुढे पंच आपली चूक सहसा उघड करीत नाही. निरीक्षणाच्या भीतीने पंच अप्रिय परंतु योग्य निर्णय टाळू लागला, तर या पद्धतीचा मूळ हेतूच विफल होतो.