अभिलेख कुलूपबंदी

संगणकातील सामाईक माहितीसंचयामधील एखादा अभिलेख (नोंद) एक वापरकर्ता बदलीत असताना दुसऱ्यास तो त्याच वेळी बदलू न देणारी व्यवस्था. व्यवहारात तिला ‘रेकॉर्ड लॉकिंग’ म्हणतात. बँका, रेल्वे आरक्षण तसेच व्यापारी संस्थांची खरेदी व साठा यांच्या आज्ञावलींत ती अपरिहार्य असते.

गरज : घाटकोपर येथील एखाद्या घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात एका मालाचे १२० नग आहेत, असे समजू. एक कारकून ५० नगांची आवक व दुसरा त्याच वेळी ३० नगांची जावक नोंदवीत आहे. दोघांच्याही पडद्यावर १२० हाच आकडा आहे. पहिल्याची १७० ही नोंद झाल्यावर दुसऱ्याची ९० ही नोंद झाली, तर आवक पुसली जाते. प्रत्यक्षात साठा १४० असतो. चूक कोठेही दर्शविली जात नाही व खरेदी विभाग नसलेल्या टंचाईपोटी पुन्हा मागणी पाठवितो. यास्तव ‘अभिलेख कुलूपबंद आहे’ हा संदेश मुळात बिघाड नसून संरक्षण असते.

विकास : आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतील एस्वरन, ग्रे, लॉरी व ट्रेगर यांनी १९७६ मध्ये द्विपदी कुलूपबंदीचा नियम मांडला. व्यवहाराने एकदा एखादे कुलूप सोडले, की नवे घ्यावयाचे नाही; असे केल्यास एकाच वेळी चाललेल्या व्यवहारांचा परिणाम ते एकामागून एक केल्याप्रमाणेच होतो. यांपैकी जिम ग्रे यांना १९९८ सालचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. मुंबईच्या उपनगरांत अंधेरी येथे १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र (सीप्झ) स्थापन झाले व पुढे ते आज्ञावली-उद्योगाचेही केंद्र बनले. लहान पेढ्यांत १९८० नंतरच्या दोन दशकांत डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो यांवर आधारलेल्या आज्ञावली रूढ झाल्या. त्यांत एका अभिलेखासाठी ‘आरलॉक’ व संपूर्ण फाइलीसाठी ‘एफलॉक’ ही फलने होती. कुलूप न मिळाल्यास पुढे काय करावयाचे, हे आज्ञावलीकारास ठरवावे लागे.

दोष व निवारण : (१) अभिलेख दुसऱ्याच्या ताब्यात असणे : खरेदी आदेश बदलण्यासाठी उघडा ठेवून कर्मचारी जागेवरून उठला, की इतरांचे काम अडते. सॅप या प्रणालीत ताबा असलेल्या वापरकर्त्याचे नाव दिसते. त्यास आदेश बंद करावयास सांगणे हाच पहिला उपाय होय.

(२) अनाथ कुलूप : वीज गेल्याने किंवा जाळे तुटल्याने वापरकर्ता बाहेर पडतो, पण कुलूप उरते. सॅपमध्ये ‘एसएम१२’ या आदेशाने प्रशासकास ते काढता येते. परंतु तत्पूर्वी तो वापरकर्ता खरोखरच बाहेर पडला आहे व त्याच्या प्रलंबित नोंदी पूर्ण झाल्या आहेत (‘एसएम१३’), याची खात्री करावी लागते. ती न करता कुलूप काढल्यास अर्धवट नोंदीवर दुसरी नोंद होऊ शकते व वर सांगितलेला दोष उद्‌भवतो.

(३) परस्परकोंडी : पहिल्या व्यवहाराकडे आदेशाचे कुलूप असून त्यास साठ्याचे हवे असते, दुसऱ्याची स्थिती नेमकी उलट असते. दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. प्रणाली ही कोंडी ओळखून एक व्यवहार रद्द करते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये या वेळी १२०५ क्रमांकाचा दोष दर्शविला जातो. रद्द झालेला व्यवहार पुन्हा करावा लागतो. सर्व आज्ञावलींनी कुलपे एकाच क्रमाने (उदा., आधी आदेश, मग साठा) घेतल्यास अशी कोंडी टळते.

(४) प्रतीक्षाकाल संपणे : मायएसक्यूएलच्या इनोडीबी भागात मूळ मर्यादा ५० सेकंद असते. ती वाढविल्याने कारण दूर होत नाही. कुलूप दीर्घकाळ धरणारा व्यवहार शोधून तो लहान करावा लागतो. योग्य निर्देशांक नसल्यास गरजेपेक्षा अधिक अभिलेख कुलूपबंद होतात, हेही एक कारण असते.

पर्यायी पद्धत : माणूस पडद्यासमोर विचार करीत असताना कुलूप धरू नये, असा संकेत आहे. त्यासाठी प्रत्येक अभिलेखास आवृत्ती-क्रमांक देतात. नोंद जतन करतेवेळी तो बदललेला आढळल्यास नवी नोंद नाकारली जाते व वापरकर्त्यास ताजा अभिलेख दाखविला जातो. एकच अभिलेख अनेकांकडून क्वचितच बदलला जातो तेथे ही पद्धत सोयीची असते. सतत चढउतार होणाऱ्या साठ्यासाठी मात्र अल्पकालीन कुलूपच अधिक उपयुक्त ठरते.