शर्यतीच्या नोंदीचा शिरस्ता

फाशांच्या खेळात बुद्धीला वाव तो कितीसा, असे ज्यांना वाटते त्यांनी बॅकगॅमनच्या डावातील ती अवस्था एकवार अवश्य पाहावी, की जिच्यात दोन्ही पक्षांच्या सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेलेल्या असतात, मारामारीचा संभव उरलेला नसतो आणि जो आपल्या पंधराही सोंगट्या आधी पटाबाहेर काढील तो जिंकेल, एवढाच प्रश्न शिल्लक असतो. या अवस्थेला शर्यत म्हणतात. येथे डावपेच संपतात आणि हिशेब सुरू होतो. परंतु तो हिशेब कागदावर कसा मांडावा याविषयी जाणकारांत एकवाक्यता नसल्यामुळे एकच स्थिती दोघांच्या लेखी दोन निराळ्या निवाड्यांस पात्र ठरते.

एक सोंगटी एक घर पुढे सरकली म्हणजे एक पिप खर्ची पडला. सर्व सोंगट्या बाहेर नेण्यास जितके पिप लागतील ती त्या खेळाडूची बाकी. आरंभी ती दोघांचीही १६७ असते. जोडदान चार वेळा खेळावयाचे असते हे ध्यानी घेतल्यास दोन फाशांच्या ३६ दानांची एकूण बेरीज २९४ भरते, म्हणजे सरासरी एका दानात आठ पिपांहून किंचित अधिक बाकी फिटते. या साध्या वजाबाकीला खरे महत्त्व आले ते १९२० नंतरच्या दशकात, न्यूयॉर्कच्या क्लबांतून डावाची रक्कम दुप्पट करण्याचा प्रघात पडल्यावर. प्रतिस्पर्ध्याने दुपटीचा प्रस्ताव ठेवला असता तो नाकारल्यास एकपट रक्कम जाते. स्वीकारल्यास दुप्पट जाते किंवा मिळते. चार डावांपैकी एक जिंकण्याची आशा असेल तर दोन्ही मार्गांनी सारखेच नुकसान होते. शिवाय स्वीकारणाराच्या हाती पुढची दुप्पट करण्याचा हक्क येत असल्याने शर्यतीत याहून थोड्या कमी आशेवरही स्वीकार करता येतो. ही आशा किती, हे मोजण्यासाठीच नाना सूत्रे निघाली.

त्यांतले सर्वांत प्रचलित सूत्र आठ, नऊ आणि बारा टक्क्यांचे: ज्याची पाळी आहे तो आठ टक्क्यांनी पुढे असल्यास त्याने प्रथम दुप्पट करावी, नऊ टक्क्यांनी पुढे असल्यास पुन्हा दुप्पट करावी आणि प्रतिपक्षाने बारा टक्क्यांपर्यंत स्वीकारावे. पण टक्के कोणाच्या बाकीचे? पाळी असलेल्याची बाकी १००, दुसऱ्याची ११२ असेल, तर पुढच्याच्या बाकीवर फरक नेमका बारा टक्के होतो, आणि मागच्याच्या बाकीवर तोच फरक १०.७ टक्के. पहिल्या रीतीने स्थिती स्वीकाराच्या अगदी सीमेवर उभी आहे, दुसऱ्या रीतीने ती निर्धास्तपणे स्वीकारावी अशी वाटते. सूत्रकारांना पुढच्याची, म्हणजे पाळी असलेल्याची, बाकीच अभिप्रेत होती; परंतु हा तपशील नोंदीत लिहिलेला नसला की वाचणारा आपल्या समजुतीप्रमाणे टक्के काढतो आणि वाद व्यर्थ लांबतो.

डॅनी क्लाइनमन यांच्या सूत्रात हा दोष टक्क्यांचा नसून चिन्हाचा आहे, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. दुसऱ्याच्या बाकीतून पाळी असलेल्याची बाकी वजा करावी, त्यात चार मिळवावेत, बेरजेचा वर्ग करावा आणि दोन्ही बाक्यांच्या बेरजेतून चार वजा करून येणाऱ्या संख्येने त्याला भागावे, असे ते सूत्र आहे. हे चार म्हणजे सुमारे अर्ध्या दानाचे मोल, पाळी असल्याचा फायदा. भागाकार १.२ च्या वर गेला की प्रस्ताव नाकारावा. १०० विरुद्ध ११२ या स्थितीत सोळाचा वर्ग २५६, भागिले २०८, म्हणजे १.२३, अर्थात नकार. आता पाळी ११२ वाल्याची आहे असे धरा: उणे बारात चार मिळवून उणे आठ, त्याचा वर्ग ६४, भागिले २०८, म्हणजे ०.३१. हा आकडा धनच दिसतो, कारण वर्ग करताना उणेपणा पुसला जातो. जो मागे आहे तो कागदावर पुढे असल्यासारखा भासतो. म्हणून बाकीची नोंद करताना पाळी कोणाची हे प्रथम लिहावे आणि फरकाचे चिन्ह कधीही गाळू नये, असा माझा आग्रह आहे.

मूळ बाकी जशीच्या तशी घेणे पुरेसे नसते, ही आणखी एक अडचण. सहाव्या घरात एकटी सोंगटी आणि पहिल्या घरात सहा सोंगट्या, या दोन्हींची बाकी सहाच. पहिली ३६ पैकी २७ दानांत एकाच फेरीत बाहेर पडते, उरलेल्या दानांत दुसऱ्या फेरीत, सरासरी १.२५ दाने. दुसरीला जोडदान न पडल्यास तीन फेऱ्या लागतात, सरासरी २.६९ दाने. या दानसंख्येला सरासरी दानाने, म्हणजे ४९ भागिले ६ ने, गुणले तर अनुक्रमे १०.२ आणि २२ पिप येतात. वॉल्टर ट्राइस यांनी २००४ मधील आपल्या 'बॅकगॅमन बूट कॅम्प' या ग्रंथात या परिणामी बाकीचे विवेचन विस्ताराने केले आहे. मूळ बाकी आणि परिणामी बाकी यांतील अंतर म्हणजे वाया जाणारे पिप. एडवर्ड थॉर्प आणि टॉम कीथ यांनीही विषम मांडणीसाठी दंड आकारला आहे, पण त्यांच्या दंडांचे मोजमाप निराळे आहे. पाळी असलेल्याच्या संख्येत थॉर्प, ती तीसच्या वर असल्यास, दहा टक्के मिळवतात; कीथ एक सप्तमांश मिळवतात. ज्या १०० विरुद्ध ११२ या स्थितीला क्लाइनमन नकार देतात, तिच्यातील मांडणी दोन्हीकडे निर्दोष असल्यास कीथ यांच्या हिशेबाने ती स्वीकारार्ह ठरते, कारण १०० चे ११४ होतात आणि ११२ त्याहून दोनने कमी राहतात. तज्ज्ञांचा असा मतभेद मला खटकत नाही. खटकते ते हे, की मूळ बाकी आणि सुधारलेली बाकी एकाच नावाने, एकाच रकान्यात लिहिली जाते आणि मग कोणी थॉर्प यांच्या संख्येवर कीथ यांची सीमा लावतो.

यावर उपाय म्हणून पाळी असलेल्याची नोंद प्रथम, दुसऱ्याची नंतर, आणि प्रत्येक बाजूस मूळ बाकी व वाया जाणारे पिप अधिकच्या चिन्हाने वेगळे ठेवून लिहावेत. जमाखर्चाच्या वहीत मुद्दल आणि व्याज एकाच रकान्यात कोणी मांडत नाही, तशातलीच ही गोष्ट आहे. वरील दोन मांडण्या एकमेकींसमोर असून एकट्या सोंगटीवाल्याची पाळी असेल तर नोंद '६+४.२ विरुद्ध ६+१६' अशी होईल, आणि पाळी दुसऱ्याची असेल तर तीच उलट क्रमाने. ज्याला क्लाइनमन यांचे सूत्र लावावयाचे आहे तो दोन्ही बाजूंची बेरीज करील, ज्याला टक्के काढावयाचे आहेत तो पहिला आकडा उचलील. कोणाचाही मार्ग अडत नाही. ग्नू बॅकगॅमन या संगणक-कार्यक्रमातील स्थितीची चौदा अक्षरी खूण अशाच शिस्तीने बनते: तीही पाळी असलेल्या खेळाडूच्या सोंगट्यांपासून सुरू होते.

आता वाया जाणाऱ्या पिपांचा आकडा कोठून आणावा, हे राहिले. पंधरा किंवा त्याहून कमी सोंगट्या शेवटच्या सहा घरांत आल्या म्हणजे त्यांच्या ५४,२६४ च मांडण्या संभवतात, आणि त्या सर्वांची सरासरी दाने संगणकाने काढून ठेवता येतात. तेथे अंदाजाला जागा नाही. त्याबाहेर एखादी सोंगटी मागे रेंगाळत असेल तर मात्र हा आकडा बहुधा अनुमानाने घालावा लागतो, आणि तसा तो घातला असल्यास त्याच्या आधी 'सु.' एवढे अक्षर लिहिलेले असावे, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला त्यावर किती भिस्त ठेवावी हे ठरवता येईल.