दवाखाना किती लांब? किलोमीटरने नव्हे, वेळेने मोजा

हरसूल परिसरातल्या पाड्यांवर 'दवाखाना किती लांब?' असे विचारले, तर सहसा कोणी किलोमीटर सांगत नाही. 'टेकडी उतरायला एवढा वेळ, पुढे गाडी मिळाली तर तेवढा' असे उत्तर येते. हिशेबाची ही रीत अगदी बरोबर आहे. ती का, हे विमानाच्या उदाहरणावरून चांगले समजते.

दोन विमानतळांमधले हवाई अंतर म्हणजे घाट, नदी, वळणे सोडून मोजलेले सरळ अंतर. उत्तर-दक्षिण दिशेने १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि आपल्या भागात पूर्व-पश्चिम १ अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर. या मापाने ओझर आणि शिर्डीजवळचे काकडी या दोन विमानतळांत जेमतेम ७० किलोमीटर अंतर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते पाच-सहा मिनिटांचे झाले. पण विमानाला धावपट्टीवर यायला, उंची गाठायला, वळायला आणि उतरायला वेळ लागतोच. अंतर कमी असले तरी हा वेळ फारसा कमी होत नाही.

तरीही वाट अवघड असेल तेथे छोटे उड्डाणही मोलाचे ठरते. स्कॉटलंडमधील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये फक्त २.७ किलोमीटरची विमानसेवा आहे. वेळापत्रकात तिला दोन मिनिटे दिली आहेत. मध्ये समुद्र आहे, म्हणून ती चालते. ऑस्ट्रेलियात रेव्हरंड जॉन फ्लिन यांनी दूरवरच्या वस्त्यांसाठी विमानातून डॉक्टर पाठवण्याची सेवा उभी केली. १७ मे १९२८ रोजी पहिले विमान क्लॉनकरीहून सुमारे १३५ किलोमीटरवरील ज्युलिया क्रीकला गेले.

आपल्या शेजारीही असे घडले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप गावाला ड्रोनने कोरोना लसीचे ३०० डोस पोचवले गेले. सुमारे २० किलोमीटरचे अंतर नऊ-दहा मिनिटांत कापले गेले. मात्र ड्रोनने लस आली, तरी रुग्णाला नेण्यासाठी गाडीच लागते.

म्हणून आपला हिशेब जमिनीवरचा. समजा, रुग्णवाहिकेला एका वाटेला ४५ मिनिटे लागतात. ती आधी येणार, मग जाणार. म्हणजे दीड तास झाला. त्यात गाडीपर्यंत झोळीतून आणण्याचा अर्धा तास धरा. घरात 'सकाळपर्यंत बघू' म्हणत गेलेला वेळ वेगळाच. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांत आईचा जीव घेऊ शकतो. सर्पदंशातही उशीर झाला की धोका वाढत जातो.

घाट आपल्याला हलवता येत नाही, पण उशीर कमी करता येतो. प्रत्येक पाड्याने एवढे ठरवून ठेवावे:

• १०८ ला फोन आधी करावा. सल्लामसलत गाडी येईपर्यंत होते.
• मोबाईलला रेंज कोठे मिळते आणि गाडी कोठपर्यंत येते, हे घरातल्या सर्वांना माहीत असावे.
• झोळी उचलणाऱ्या चौघांची नावे पावसाळ्यापूर्वीच ठरवावीत.
• दिवस भरत आलेल्या बाईला आशाताईंच्या सल्ल्याने दवाखान्याजवळ, माहेरघराची सोय असेल तेथे, आधीच नेऊन ठेवावे.

आपल्या घरापासून दवाखान्याच्या दारापर्यंत किती मिनिटे लागतात, ते एकदा प्रत्यक्ष मोजून पाहा. पावसाळ्यात पुन्हा मोजा. तो आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.